तिचं नाव न घेता

महाड, ११ मे

अम्बरीन,

तुला पनवेलला नेलं हे मला तुझ्या घरच्यांनी नाही, एका रिक्षावाल्यानं सांगितलं. म्हणाला, तुमच्या मोहल्ल्यातली ती पोरगी, जिनं वजनासाठी पोट कापून घेतलं, तिच्या पायांना एवढी सूज होती की चप्पल हातात धरून गाडीत बसली. मी त्याची कॉलर धरली. पोट कापून घेतलं म्हणजे काय? नीट बोलता येत नाही? मग सोडली, कारण त्याच्याकडूनच पुढचं कळायचं होतं. त्याला एवढंच ठाऊक होतं: दोन्ही किडन्या बसल्या.

तुझा फोन मुदस्सरभाईंकडे असतो असं अलीशबा म्हणाली. भाई कुवेतहून आले म्हणजे गोष्ट साधी नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून फोन करत नाही. तुझी ही चुलत बहीण उद्या तुला बघायला निघालीय, तिच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत हे पत्र येईल. वाच आणि फाडून टाक.

आता मी काय केलं ते ऐक.

काल सकाळी स्टँडजवळच्या डॉक्टरकडे गेलो. हाच ना तो, ज्यानं तुझ्या अम्मींना पहिल्यांदा ऑपरेशनचं सुचवलं? 'साखर आहे, वजन आहे, लघवीतून प्रोटीन जायला लागलंय, किडनी वाचवायची तर वजन उतरवा,' हे त्याचेच शब्द ना? बाहेर पेशंटची ही रांग. मी सरळ आत. कंपाउंडर आडवा आला, त्याला बाजूला केलं. म्हटलं, किडनी वाचवायला पाठवली होतीत ना तिला? पोटाचा बायपास करून घ्यायला लावलात ना? मग किडनीच कशी गेली? कमिशन मिळालं का वेळेवर? तो शांतपणे म्हणाला, 'तुम्ही पेशंटचे कोण?'

अम्बरीन, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी टेबलावरची काच फोडली. हाताला थोडं लागलंय. काळजी करू नको.

सगळ्या रांगेनं ऐकलं. संध्याकाळपर्यंत बाजारात तोच विषय. सहदेवच्या चहाच्या टपरीवर लोक मला खोदून खोदून विचारत होते आणि मी सांगत होतो: वजन उतरवायच्या ऑपरेशननं किडनी जाते, आमच्या मोहल्ल्यात उदाहरण आहे. तुझं नाव मी कुठेच घेतलं नाही. घ्यायची गरजही पडली नाही.

आणि एक चांगली गोष्ट घडली. पोलादपूरची माझी मावशी, नसीबा खाला, तुला माहीत आहे. तिच्याही साखरेनं किडनी धरलीय, तिचंही हेच ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. मी तिला फोन लावला. ती रडली, मग म्हणाली, 'बरं झालं रे बाबा तू सांगितलंस, नायतर मी पन जाऊन पडले असते त्या टेबलावर.' तिनं तारीख मोडली. तुझ्यामुळे एक तरी माणूस वाचलं.

तू म्हणशील, हमजा, तुला कुणी सांगितलं होतं? कॉलेजातही तू हेच म्हणाली होतीस. त्या पोरानं जिन्यात तुला 'बुलडोझर' म्हटलं, मी त्याचा दात पाडला. प्राचार्य म्हणाले माफीनामा लिहून दे, मी दप्तर उचललं आणि बाहेर पडलो तो पडलोच. बीएस्सीचं दुसरं वर्ष अजून तिथेच पडलंय. आणि तू काय म्हणालीस? 'दात तू पाडलास, आता सगळं कॉलेज मला बघायला येतंय.' तुझ्यासाठी काहीही केलं की तुझा चेहरा असा होतो, जसं मी तुझ्याच अंगावर काही सांडलंय. तरी मी करणार. मला जाड-बारीक कळत नाही. तू होतीस तशी मला हवी होतीस, आहेस तशी हवी आहेस. ऑपरेशन तुझ्या किडनीसाठी होतं, माझ्यासाठी कधीच नव्हतं.

अलीशबाकडे दोन बाटल्या दिल्यात. आपला नेहमीचाच बिंबलीचा रस, मामूंच्या आवारातल्या झाडाचा. या वर्षी फळं खोडालाच अशी लगडलीत की साल दिसत नाही. हिरवी, आंबटढाण, बोटाएवढी, कोवळ्या काकडीसारखी. आज पहाटे पिळला, मीठ घातलं, फडक्यातून दोनदा गाळला. हॉस्पिटलचं खाणं तुला जाणार नाही, आणि ती कुवेतच्या डब्यातली प्रोटीनची पावडर तर तू उलटून टाकतेस. हाच तेवढा तुझ्या पोटात टिकतो. तुला आवडतोही. मामी म्हणते, राहिलेली चरबीसुद्धा कापतो. रोजचा ग्लास चुकवू नको.

तुझा (लिहू की नको असं झालं होतं, लिहिलं)
हमजा

पोलादपूर, १५ मे

अम्बरीन,

मामूंचा टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून लिहितोय. मागे सिमेंट आहे, खेडला टाकायचंय. मामूंचे फोन येतायत, मी उचलत नाही. पुढे कशेडीचा घाट आहे आणि माझा हात गिअरवर जात नाही.

निघताना अलीशबा स्टँडवर भेटली, पनवेलहून उतरत होती. सलाम नाही, काही नाही. बाजूला घेतलं आणि विचारलं, 'हमजाभाई, त्या बाटल्यांत काय असतं?'

'रस. का?'

'नुसता रस?'

'मीठ. झालं काय, ते सांग ना गो.'

मग तिनं सांगितलं. किडनीचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासला. आत स्फटिक भरलेत, काचेच्या भुग्यासारखे. ऑक्झलेटचे. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, पालक खातेस का, अळू, बदाम, काळा चहा? करमळं किंवा बिंबलीसारखं काही आंबट? पुन्हा पुन्हा विचारलं. अम्मी शेजारी बसलेल्या, मुदस्सरभाई पायाशी उभे. आणि तू म्हणालीस, नाही मॅडम, पथ्याच्या तक्त्यावर लिहिलंय तेवढंच खाते.

मी अलीशबावरच ओरडलो. भर स्टँडवर. 'फळ आहे ते! झाडाचं फळ! आमटीत घालतो, सुकवून माशाच्या कालवणात घालतो, सगळा गाव खातो. गावाच्या किडन्या गेल्या का?'

'कालवणात चार घालतात,' ती म्हणाली. 'ग्लास भरून रोज कोण पितं? आणि गावानं पोटाचं ऑपरेशन केलंय का?'

या वेळी फोडायला काचही नव्हती.

गाडी चालवताना प्रॅक्टिकल आठवलं. ऑक्झॅलिक ॲसिड. वर ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक. गरम करायचं, थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं. तू शेजारच्या टेबलावर असायचीस आणि मी तुझ्याकडे बघण्याच्या नादात थांबायचं विसरायचो, माझा फ्लास्क जांभळा व्हायचा. सर ओरडायचे, 'पिपेट तोंडानं ओढू नका, विषारी आहे ते.' आणि मामी याच बिंबलीनं तांब्याचा हंडा घासते. राखेनं न निघणारा काळा डाग बिंबलीच्या फोडीनं निघतो, मी लहानपणापासून बघतोय. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या. त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यावी, हे मला सुचलं नाही.

तू 'नाही' का म्हणालीस? माझं नाव येईल म्हणूनच ना? हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आलं की, बघ, किती जीव आहे तिचा माझ्यावर. तू तिथे मशिनीला बांधलेली आणि मी इथे सुखावलो. क्षणभरच, पण सुखावलो. हे लिहिताना कान गरम झालेत.

अलीशबा म्हणते, मी अम्मींच्या फोनवर तिला गाठते आणि बाटल्या ओतून टाकायला सांगते. वर म्हणाली, 'तुम्ही आता गप्प बसा. ती आजारी आहे, वेडी नाही. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, ते तिचं ती बघेल.'

कशी बघशील? आजूबाजूला अम्मी, भाई. तू 'नाही'च म्हणत राहशील आणि डॉक्टर भलतीकडेच शोधत राहतील. डायलिसिस सुरू झालंय म्हणते अलीशबा. आता गप्प बसलो तर मी कसला माणूस? मला गप्प बसता येत नाही अम्बरीन, तुला माहीत आहे. ज्याला तू माझा दोष म्हणायचीस तो आता तुझ्या कामी येईल.

सिमेंट टाकतो आणि उद्या पनवेलला येतो. सगळ्यांसमोर सांगतो. हे पत्र तुला मिळायच्या आधी मीच पोचलेला असेन.

हमजा

महाड, १७ मे

अम्बरीन,

हे पत्र तुला मिळणार नाही. अलीशबानं हात जोडले. म्हणाली, 'आता मला यात ओढू नका, मलाही घर आहे.' तरी लिहितोय. काल त्या हॉलमध्ये काय झालं ते तुला घरच्यांनी सांगितलंच असेल. मला ते एकदा स्वतःच्या अक्षरात बघायचंय.

रस्ताभर मी वाक्यं पाठ करत आलो. माणगावपर्यंत ती साधी होती. पेणपर्यंत त्यांत तुझं-माझं सगळं आलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये अम्मी होत्या, मुदस्सरभाई होते, आणि आणखी दोघं: एक बुरख्यातल्या वयस्कर बाई आणि त्यांचा भाऊ, मांडीवर फळांची पिशवी. मला वाटलं लांबचे नातेवाईक असतील. ते मंडणगडचे होते आणि त्यांच्या मुलाशी तुझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर, सांगितलं असतं तरी मी तेच केलं असतं. जरा जास्त मोठ्यानं.

डॉक्टरीणबाई आतून आल्या तसा मी उठलो. 'मॅडम, ती खोटं बोलतेय. ती रोज बिंबलीचा रस पिते. मी देतो तिला. ईद झाल्यापासून रोज, पहाटे फजरच्या नमाजनंतर, त्यांच्या मागच्या दारात. आमचं एकमेकांवर प्रेम आहे, म्हणून ती माझं नाव सांगत नाही.'

अम्मींच्या हातातल्या तसबीहचे मणी थांबले.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, दमलेलं माणूस बघतं तसं. म्हणाल्या, 'हे मला बुधवारी संध्याकाळीच कळलंय. तिनंच सांगितलं. बाटलीही दाखवली. शेजारच्या आवारातलं फळ आहे, उलट्या थांबतात म्हणून पीत होते, म्हणाली. मला तेवढं पुरेसं होतं. उपचार त्याच दिवशी बदलले.'

'तिनं सांगितलं?'

'एकटी असताना सांगितलं. म्हणून मीही ते चारचौघांत बोलले नाही.'

इथे तरी मी निघायला हवं होतं. पण मला माझी काच आठवली, बाजारातली भाषणं आठवली. विचारलं, 'म्हणजे ऑपरेशनमुळे नाही झालं?'

त्या म्हणाल्या, ऑपरेशनचा संबंध आहे, दोष नाही. बायपासनंतर खाण्यातली चरबी नीट शोषली जात नाही. ती आतड्यातलं कॅल्शियम धरून बसते. एरवी हेच कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर काढतं. आता बांधणारं कुणी उरत नाही, मग ऑक्झलेट मोकळं सुटून रक्तात आणि तिथून किडनीत. त्यात उलट्या, त्यात पाणी कमी. 'धडधाकट माणसानंही हा रस असा रोज पिऊ नये. हिनं तर थेंबभरही नको होता.' मग जाता जाता म्हणाल्या, 'फेब्रुवारीत तिच्या लघवीतून जाणारं प्रोटीन जवळजवळ थांबलं होतं. साखर उतरली होती. किडनी सुधारत होती तिची. तेवढ्यासाठीच तर ऑपरेशन केलं होतं.'

सुधारत होती.

मंडणगडच्या बाई उठल्या. पिशवी खुर्चीवर ठेवली. 'येतो आम्ही,' अम्मींना म्हणाल्या. अम्मी म्हणाल्या, 'बसा ना, आत्ताच तर आलात.' 'गाडी थांबलीय,' तो भाऊ म्हणाला. गाडीबिडी काही नव्हती. नंतर मी खाली आलो तेव्हा दोघं रस्त्यावर रिक्षाला हात करत उभे होते.

मुदस्सरभाईंनी मला मारलं नाही. मारलं असतं तर मी उलट मारलं असतं आणि सगळं माझ्या सवयीचं झालं असतं. त्यांनी माझ्या दंडाला धरून लिफ्टपाशी नेलं.

'हमजा, खरं बोलायला आला होतास?'

'हो, भाई.'

'मग रसाचं बोलायचं होतं. प्रेमाचं तुला कुणी विचारलं होतं?'

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आत तू. डायलिसिसवरून आणलेली, चाकाच्या खुर्चीत, मानेला पट्टी, दुपट्टा डोक्यावरून नीट घेतलेला. तू भाईंकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, मग हॉलकडे: अम्मींचा चेहरा, रिकाम्या खुर्च्या, एका खुर्चीवर फळांची पिशवी. तुला काही सांगावं लागलं नाही. मला वाटलं रडशील. शिव्या देशील असंही वाटलं, मी त्याला तयार होतो. तू खुर्ची ढकलणाऱ्या बाईंना म्हणालीस, 'चला, मावशी.'

मी तुला वाचवायला आलो होतो. तू स्वतःला आधीच वाचवलं होतंस, आणि जमेल तेवढं मलाही. ते सगळं मी मोडून आलो.

हमजा

महाड, २२ जून

मुदस्सरभाई,

सलाम. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. हे पोस्टानं पाठवतोय, पाकिटावर माझं पूर्ण नाव आणि पत्ता आहे. आता कुणाच्या पिशवीत लपवून काही पाठवत नाही.

माफी मागायला लिहीत नाही. माफी मागितली की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि तेवढंही ओझं तुमच्यावर घालायचा मला हक्क नाही. बकरी ईदला मामूंनी तुमच्या घरचा कुर्बानीचा वाटा पाठवला तो दारातूनच परत आला. मामी म्हणाली, 'आजारपणाचं घर हाय, शिजवायला कोन बसलंय,' आणि तो वाटा दुसरीकडे दिला. मामूंना कारण माहीत नाही. मी जेवायला बसलो होतो, तसाच बसून राहिलो.

बाजारात मी जे बोलत सुटलो होतो ते मला परत घ्यायचं होतं. ते करताना कळलं की बोलणं सोपं होतं. सगळं सांगितलं तर तुमच्या बहिणीचं नाव पुन्हा माझ्या तोंडून निघणार. न सांगता परत घेतलं तर कोण विश्वास ठेवणार? सहदेवच्या टपरीवर मी म्हटलं, 'मी चुकीचं बोललो होतो. ऑपरेशननं काही झालं नाही.'

'डॉक्टरनं पाकीट दिलं काय रे?' एकजण म्हणाला.

'पाकीट कशाला, फोडलेल्या काचेचं बिल लावलं असंल डॉक्टरनं, ते फेडतोय,' दुसरा.

'मग त्या पोरीला झालं काय?'

'माहीत नाही.'

'तवा माहीत होतं, आता नाय?'

सगळे हसले. माझी मूठ खिशात होती, खिशातच ठेवली. सहदेव म्हणाला, 'हमजा, तुला चहा देतो रे. पन यापुढं बातमी नको देत जाऊस.' तरी मी रोज जातोय. कुणी विषय काढला की तेच वाक्य बोलतो. आता ते मला बघितलं की माझ्या आधीच ते वाक्य म्हणतात.

नसीबा खालाचं जास्त कठीण होतं. टपरीवरच्या लोकांना नुसती करमणूक हवी होती, खालाची किडनी खरोखर पणाला लागलीय. माझं ऐकून तिनं ऑपरेशनची तारीख मोडली, त्यानंतरचा लघवीचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला. मी पोलादपूरला गेलो आणि म्हटलं, खाला, मी सांगितलेलं विसर, ऑपरेशन करून घे.

'मग अम्बरीनला कशानं झालं?'

'ते सांगता येत नाही. पण ऑपरेशननं नाही झालं.'

'तू सांगितलंस म्हनून तारीख मोडली. आता तूच सांगतोस म्हनून परत घेऊ? पोट हाय रे ते माझं, तुझा टेम्पो नाय मागंपुढं करायला!' तिचे मियाँ, खालू, आतून हसले तर तिनं त्यांनाही झापलं. मग म्हणाली, 'ज्या रांगेपुढं तमाशा केलास ना, तिच्यापुढंच उभा राहून डॉक्टरची माफी माग. मला कळलं पायजे. मग बघते.'

गेलो. कंपाउंडरनं मला बघून दारात हात आडवा लावला आणि म्हणाला, 'नंबर घे.' नंबर घेतला. माझ्या आधी एक पोर खोकत होतं, एक म्हातारे पाय सोडून बसले होते, सगळे माझ्याकडे बघत होते. माझी पाळी आली तेव्हा मी आत गेलो नाही, दारातच उभा राहिलो, म्हणजे रांगेलाही ऐकू जाईल. म्हटलं, 'डॉक्टर, त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. तुमचा दोष नव्हता, ऑपरेशनचाही नव्हता.'

त्यांनी मान वर केली. 'हे तुम्ही पेशंटचे कोण म्हणून सांगताय?'

'कुणी नाही,' मी म्हटलं.

'बरं. पुढचा पेशंट पाठवा.'

खालापर्यंत हे माझ्या आधी पोचलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही, पोलादपूरची बाई आहे. तिनं परस्पर तुमच्या अम्मींच्या नंबरवर फोन लावला आणि अम्बरीनशीच बोलली. परवा मी गेलो तर ओट्यावर बसून मला सांगत होती. जुलैची तारीख मिळालीय. तपासण्या झाल्या, पथ्य लिहून आणलंय, पाणी किती आणि कसं प्यायचं ते खालूंना पाठ करायला लावलंय.

'मशीन सुटली तिची,' खाला म्हणाली. 'पन किडन्या पयल्यासारख्या व्हायच्या नाय म्हनतात. जपून ऱ्हायला लागनार जन्मभर. आवाज केवढासा झालाय रे पोरीचा.' मग म्हणाली, 'मी विचारलं, तुला काय झालं ते खरं सांग. तर म्हनते, खाला, तुम्ही बेधडक करून घ्या. ऑपरेशननं माझं चांगलंच झालं होतं. मीच नको ते प्यायले.'

तिनं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

'कसलंतरी आंबट पानी पीत बसली म्हने रोज! एवढी बीएस्सी झालेली पोरगी. बेअक्कल नुसती.'

मुदस्सरभाई, माझ्या हातात चहाचा कप होता. तोंडापर्यंत आलं होतं. खरं बोललो असतो तर पोलादपुरातही तिचं नाव माझ्या नावाला चिकटलं असतं, पुन्हा एकदा, आणि मी पुन्हा एकदा मोठ्या मनाचा ठरलो असतो. मी चहा प्यायलो. खाला तिला आणखी थोडा वेळ बेअक्कल म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिलो.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते.

तिला तो रस आवडायचा, असं मी सगळीकडे म्हणत आलो. तिला लिहिलेल्या पत्रातसुद्धा तसंच लिहिलं, जणू तिलाच पटवत होतो. सुरुवातीला तिच्या उलट्या थांबल्या, हे खरं आहे. पण एप्रिल संपता संपता एका सकाळी मागच्या दारात ती म्हणाली, 'हमजा, आता आणू नकोस. पोटात जळतं. आणि तक्त्यावर नाही हे.' मी म्हटलं, 'कुवेतहून भावानं पाठवलेली पावडर चालते, माझ्या हातचं चालत नाही? बारीक झालीस, आता माझी गरज संपली ना?' आवाज चढला होता माझा. बाटली भिंतीवर आपटायला मी हात उगारला. आत अम्मींची जाग लागत होती, शेजारची खिडकी उघडली होती. तिनं माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि मला गप्प करण्यासाठी तिथेच, माझ्यासमोर, सगळी पिऊन टाकली. मी खूश होऊन घरी आलो.

त्यानंतर ती कधी नको म्हणाली नाही. पाय सुजायला लागले तेव्हाही नाही.

डॉक्टरीणबाईंना तिनं सांगितलं ते उलट्यांचं. खालाला सांगितलं, मीच प्यायले. तुम्हालाही बहुधा तेच सांगितलं असेल. बाहेर लोक तिला बेअक्कल म्हणतील आणि मी ते ऐकून घेईन; त्याला दुसरा उपाय मला दिसत नाही. पण तुमच्या घरात तिला तसं कुणी म्हणू नये. तुम्हीही मनात म्हणू नये. तेवढ्यासाठी हे लिहिलं.

पत्र तिला दाखवू नका. यातलं तिला माहीत नाही असं काही नाही.

हमजा